पंचविसावी पाटी

राकेश सरांना मी खोटं सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज जराही कापला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी भोळी समजायला नको.

आमचं करंजमाळ नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठच्याही पुढे, घाटाच्या अगदी काठावर आहे. मागे गड, पुढे तीन खोरी, आणि हिवाळ्यात सकाळी नऊपर्यंत खाली नुसतं धुकं. हल्ली नाशिकचे लोक याला 'आपलं स्वित्झर्लंड' म्हणतात. म्हणोत बापडे. उन्हाळ्यात हंडा घेऊन झऱ्यापर्यंत एकदा उतरावं आणि वर येऊन परत म्हणावं.

या गडावरच्या आणि खोऱ्यांतल्या दगडान् दगडाची गोष्ट माझ्या बाबांना, जयराम गावितांना, ठाऊक होती. कातळात कोरलेली पाण्याची टाकी, मीठ वाहणाऱ्या बैलांची जुनी वाट, जकात टाकायचा दगडी रांजण, वाघदेवाचा खांब, लढाईत पडलेल्यांच्या वीरगळी. आमच्याकडे रीत अशी, की गोष्ट सांगण्याआधी ती ज्याच्याकडून ऐकली त्याचं नाव घ्यायचं. रांजणाजवळ उभे राहिले की बाबा आधी म्हणायचे, "हे मला माझ्या आत्यानं सांगितलं, नवसाबाईनं. तिला तिच्या सासऱ्यानं." मगच गोष्ट सुरू. नाव न घेता कुणी सांगायला लागला तर म्हातारी माणसं सरळ उठून जायची. बिननावाची गोष्ट म्हणजे चोरीचं जनावर, असं ती मानायची.

राकेश सर नाशिकला कॉलेज रोडला राहतात, वारसा-सहली काढतात. तीन हिवाळे ते आमच्या घरी उतरले. माझ्या हातची नागलीची भाकर आणि उडदाची आमटी मिटक्या मारत खाल्ली. दिवसभर बाबा पुढे आणि सर वही घेऊन मागे. बाबा प्रत्येक ठिकाणी आधी नाव घ्यायचे, तेव्हा सरांचं पेन थांबायचं आणि गोष्ट सुरू झाली की चालायला लागायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण माणूस पाहुणा होता.

चौथ्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं. नाशिकच्या एका हॉलमध्ये प्रकाशन होतं. बाबा धुतलेला सदरा घालून पहाटेच्या एसटीने गेले. मी सोबत होते. सरांनी आम्हाला पाहिलं, हसले, आणि शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "हे आमचे मामा. गडावर सामान वाहतात." मग बाबांकडे वळून म्हणाले, "मामा, त्या मागच्या खुर्च्या जरा पुढे घेता का?" बाबांनी घेतल्या. एकेक करून, आवाज न करता घेतल्या. मी का नाही ओरडले, हे आजही मला कळत नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःलाही माफ केलेलं नाही.

बाबा चौथी शिकलेले. घरी येऊन दोन दिवस ते ओसरीवर बसून पुस्तकाच्या ओळींवरून बोट फिरवत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, "संजू, माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही नीट. तू बघ बरं, माझं नाव कुठल्या पानावर आहे?"

मी बघितलं. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत बघितलं. नव्हतं. नवसाबाई नव्हती, तिचा सासरा नव्हता, बाबा नव्हते. गोष्टी मात्र सगळ्या होत्या, बाबांच्याच शब्दांत.

"नाय ना?" ते म्हणाले, आणि पुस्तक कपाटावर ठेवून दिलं. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. ट्रेकची पोरं यायची, विचारायची, बाबा म्हणायचे, "पुस्तकात आहे." पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्षात ते गेले. सर आले नाहीत. त्याच महिन्यात गडावर पुस्तकातल्या चोवीस गोष्टींच्या चोवीस निळ्या पाट्या मात्र आल्या, प्रत्येकीच्या तळाशी सरांचं पूर्ण नाव आणि त्यापुढे 'यांच्या संशोधनातून'.

यंदा दिवाळीनंतर सर पुन्हा दारात उभे. मी गावातल्या अंगणवाडीत सेविका आहे, नुकती घरी आले होते.

"ताई, चोवीस पाट्या झाल्या. पंचवीस केल्या की आकडा कसा छान वाटतो. मामांनी एखादी गोष्ट सांगायची राहिली होती का?"

मामांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याबद्दल एक शब्द नाही. मी चहा टाकला. चहात आलं जरा जास्तच ठेचलं गेलं, तेवढाच राग बाहेर पडला. कप पुढे ठेवला तेव्हा माझा चेहरा कसा साखरेसारखा गोड होता.

"एक राहिली आहे," मी म्हणाले. "पाणवठ्याच्या वाटेवर दगडी खांब आहे बघा. कमरेच्या उंचीवर गुळगुळीत झालेला."

"आहे, आहे! त्याचं काय?"

"गडावर चढण्याआधी मावळे त्याला हात लावायचे. शपथेचा खांब. शेकडो वर्षं हात लागून लागून तो तसा झाला आहे."

सरांचे डोळे चमकले. पेन धावलं. एका प्रश्नासाठीसुद्धा थांबलं नाही. कुणी सांगितलं, असं विचारलं असतं तर मी अडखळले असते, कारण त्या जागी कुणाचं नाव खोटं घ्यायची माझी छाती नव्हती. पण नाव हा माणूस कधी विचारतच नव्हता. त्याच्या या एका खोडीवर मी सगळा डाव लावला होता.

खरं काय ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या शेजारच्या धोंडाबाईंच्या सासऱ्यांनी तो खांब पुरला, म्हशींना अंग घासायला.

पाटीच्या अनावरणाला मी नवं लुगडं नेसून गेले. लग्नाला गेल्यासारखी गेले म्हणा ना. नाशिकहून दोन गाड्या भरून मंडळी आली होती, कॉलेजची मुलंमुली, आणि प्रमुख पाहुण्या म्हणून इतिहासाच्या एक निवृत्त प्राध्यापिका. गावातली म्हातारी माणसं कडेला उभी होती. खांबाला झेंडूची माळ. सर बोलायला लागले, "या खांबाला स्पर्श करा, म्हणजे शूरांच्या तळहाताची ऊब जाणवेल." दोन मुलींनी डोळे मिटून हात लावले. एकीच्या अंगावर काटा आला म्हणे.

साडेअकरा वाजले. धोंडाबाईंच्या म्हशी रोज साडेअकराला पाण्यावरून परततात. वेळ मीच सुचवली होती.

पहिली म्हैस गर्दीला न जुमानता सरळ आली, खांबाला टेकली आणि डोळे अर्धवट मिटून अंग घासू लागली. माळ तुटून तिच्या शिंगात अडकली. मागून काठी आपटत धोंडाबाई.

"आरं, व्हा बाजूला! ती चावायची नाय, पर तिला खाज लय हाय!" मग पाटीकडे बघून, "हे काय लावलं रं? माझ्या सासऱ्यानं म्हशींसाठी पुरलेला खांब हाय तो."

पोरं इतकी हसली की एकजण खालीच बसला. मोबाइल निघाले. सरांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल. माझ्या पोटात इतका गारवा पडला की काय सांगू. त्या हॉलमधली प्रत्येक खुर्ची मला आठवली, आणि प्रत्येकीमागे मी मनात एकदा हसले.

प्राध्यापिका मात्र हसल्या नाहीत. "राकेश, ही माहिती तुम्हाला कुणी दिली?"

सरांनी घाम पुसला. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी चारचौघांत नाव घेतलं.

"जयराम गावित म्हणून इथला एक म्हातारा होता, मॅडम. अडाणी माणूस. काहीही ठोकून द्यायचा. अशांवर विश्वास ठेवला की हे असं होतं."

माझं हसू जागीच विझलं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला याला मेलेला माणूस सापडला. पण तो त्याच्या हाती कुणी दिला? मीच. जन्मभर नाव घेतल्याशिवाय तोंड न उघडणाऱ्या माझ्या बापाला मी भर उन्हात खोटारडा करून उभं केलं होतं, आणि दहा मोबाइल ते टिपत होते.

मी गर्दीतून पुढे गेले.

"खोटं मी सांगितलं," मी म्हणाले. "संजना गावित, जयरामांची मुलगी. मुद्दाम सांगितलं, यांची फजिती व्हावी म्हणून. बाबांनी आयुष्यात एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. यांच्या पुस्तकातल्या चोवीसच्या चोवीस गोष्टी त्यांच्या आहेत. खरं होतं तोवर यांना त्यांचं नाव आठवलं नाही. चूक निघाली तेव्हा बरोबर आठवलं."

"ही बाई सूड घेतेय, मॅडम," सर ओरडले.

"घेतेय," मी म्हणाले. "त्यात काही खोटं नाही."

प्राध्यापिकांनी पिशवीतून सरांचं पुस्तक काढलं. मधलंच एक पान उघडून वाचलं, "घाट चढून आलेला बैल रांजणापाशी आपोआप थांबे..."

"थांबा," धोंडाबाई म्हणाल्या. काठी बगलेत धरून त्यांनी आधी हात जोडले. "हे मला जयरामनं सांगितलं. त्याला त्याच्या आत्यानं, नवसाबाईनं. तिला तिच्या सासऱ्यानं." मग डोळे मिटून पुढचं म्हणाल्या, "बैल आपोआप थांबे, कारण जकात माणसाची चुकली तरी बैलाची सवय चुकत नसे."

धोंडाबाईंना अक्षर वाचता येत नाही. प्राध्यापिकांनी पुस्तकात बघितलं. पुढची ओळ तीच होती. त्यांनी आणखी एक पान काढलं, मग आणखी एक. प्रत्येक वेळी आधी नावं आली आणि मग ओळ, जशीच्या तशी. तिसऱ्या पानाला गावातली बाकीची म्हातारी माणसंही म्हणू लागली. सर त्यांच्या गाडीकडे कधी गेले ते मी पाहिलं नाही. पाहायची गरजही उरली नव्हती.

प्राध्यापिकांनी पाठपुरावा केला, आणि होळीच्या आधी चोवीस पाट्या नव्याने रंगवून आल्या. सरांचं नाव गेलं. त्या जागी 'सांगणारे: जयराम गावित' आणि त्याखाली त्यांना सांगणाऱ्यांची नावं. मी एकेका पाटीजवळ जाऊन बोट फिरवून वाचलं, बाबा वाचायचे तसं.

पंचविसावी पाटी काढायला माणसं आली तेव्हा मी काढू दिली नाही. अंगणवाडीतला ब्रश आणि पांढरा रंग घेऊन गेले आणि माझ्या हाताने लिहिलं: 'या खांबाला म्हशी अंग घासतात. हे धोंडाबाईंनी सांगितलं. याआधी इथे जे लिहिलं होतं ते खोटं होतं. ते सांगणारी: संजना जयराम गावित.'