दुरुस्तीसह मंजूर

कालव्याच्या पाणी समितीची कार्यालयं दोन, एक पेणला रामवाडीत आणि दुसरं रोह्याला; इतिवृत्ताची फाईल मात्र एकच, दोन्हीकडच्या कॉम्प्युटरवर उघडणारी. सचिव विमलबाई मात्र सभासद यादीच्या वेगळ्या फाईलीत प्रत्येक नावापुढं स्वतःपुरत्या टिपा लिहून ठेवायच्या. सभा त्या टिपांवर चालायची. ती नियमांवर चालते असा समितीचा समज होता.

सभेच्या सकाळी अध्यक्ष दत्तात्रेय पाटलांनी फर्मावलं, सभासद यादीची जुनी फाईल काढा, नवा नमुना टाका. विमलबाई तेव्हा एसटीत, वडखळच्या कोंडीत अडकलेल्या. त्यांनी फोनवरून पेणच्या कारकुनाला, गोविंदाला बजावलं, "माझ्या टिपा सांभाळ रे. एक अक्षर जाता कामा नये."

"नाय जायचं, ताई," गोविंदा म्हणाला आणि शब्दाला जागला. त्याच्या मते जगात सुरक्षित जागा एकच, मागच्या सभेचं इतिवृत्त. ते कोणी वाचत नाही, म्हणून कोणी खोडतही नाही. टिपा त्यानं ठरावांच्या मध्ये नीट बसवल्या.

सभा रोह्याला होती. विमलबाईंचं गाव कालव्याच्या अगदी शेवटी. या खेपेला पाण्याची पहिली पाळी मिळाली नाही, तर गावचं उन्हाळी भात उभ्यानं वाळणार होतं. वरच्या गावांच्या सभासदांच्या माना तिथल्या वयस्क बाबाजींच्या मानेबरोबर हलत, आणि बाबाजींना आधी काय विचारायचं ते टिपांत होतं. विमलबाई धापा टाकत आल्या, टिपा हाताशी नव्हत्या; नमस्कार केला आणि थेट पाण्याच्या मुद्द्यावर आल्या.

बाबाजींचा चेहरा मिटला.

"आधी मागचं इतिवृत्त," ते म्हणाले.

"वाचलं असं समजून..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

"समजायचं नाय. वाचायचं."

फाईल भिंतीवर उघडली. विमलबाईंना आपली वाक्यं दिसली. अध्यक्ष एका सुरात वाचत सुटले, "गाळ काढण्याचा ठराव मंजूर. अध्यक्ष: बोलू द्यावे, आपोआप दमतात. चारी दुरुस्ती मंजूर. बाबाजी: मानी. आल्याआल्या गुडघ्याची चौकशी करावी, नाहीतर पाण्याचा मुद्दा बुडतो. गुडघा डावा."

विमलबाईंना वाटलं, भात गेलं.

"चूक हाय," बाबाजी म्हणाले.

"काका, मी..."

"उजवा. लिवा."

अध्यक्षांनी लिहिलं.

"आता इचार."

"काका, गुडघा कसा हाय?"

"जिन्यानं जीव घेतला." बाबाजींनी पाय लांब केला. "पहिली पाळी शेवटच्या गावाला द्या. नायतर ही अर्ज करील, तुम्ही परत सभा लावाल, आन् मला परत चढावं लागंल."

माना हलल्या. पाळी ठरली. इतिवृत्त दुरुस्तीसह मंजूर झालं.

"माझ्या नावापुढचं तेवढं," अध्यक्ष हळूच म्हणाले, "काढता येईल का?"

"मंजूर झालंय," बाबाजी म्हणाले. "आता नाय."