पंचफुलाबाईंनी गेरू लावला नाही

"काकू, काऊन थांबली? लाव ना गेरू," दुर्गेश सदरा वर धरून म्हणाला.

पंचफुलाबाईंचे गेरूत बुडवलेले बोट तसेच राहिले. अंगावर नागीण उठली की उतरवावी ती पंचफुलाबाईंनीच, असा रोहणा गावात त्यांच्या हाताचा लौकिक. रविवारी अंगणात माणसे मावत नसत. बाईंना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? नवऱ्यामागे गावाने मान दिला तो या हातामुळेच.

पण दुर्गेशच्या बरगडीवर फोडांची माळ वर्षात दुसऱ्यांदा उठली होती. स्वतःच्या लग्नात गुबगुबीत दिसणारा पोरगा वाळून काटकी झाला होता.

"ताप येते?"

"येते, जाते."

"जीभ दाखव."

जिभेवर पांढरा थर होता. असाच थर, असाच ताप, अशीच फिरून आलेली नागीण त्यांनी नवऱ्याच्या अंगावर पाहिली होती. तेव्हा काही कळले नाही, आणि कळले तेव्हा वेळ निघून गेली होती.

त्यांनी वाटी खाली ठेवली. "हे गेरूचं काम नाई. उद्या आर्वीच्या सरकारी दवाखान्यात चाल. एचआयव्हीची तपासणी करू. असनच असं नाई, पण पाह्यलं पायजे. बायकोलेही संगं घेजो."

दुर्गेशची आई आनंदाबाई उसळल्या. "तोंड सांभाळ वं! माह्या पोराले असा रोग लावतं? तुले काय समजते त्यातलं?"

अंगणातली माणसे माना वळवून पाहू लागली. गप्प बसले तर आपला मान राहील आणि पोरगा जाईल, एवढे बाईंना स्वच्छ दिसले.

"समजते. मले आहे तो. आमचे मालक त्यातच गेले. मी रोज गोळी घेतो, वावरात निंदाले जातो, अन् तुह्यासमोर ठणठणीत उभी आहो!"

इतकी वर्षे चोरून गोळी गिळणाऱ्या बाईंचा ऊर त्या क्षणी अभिमानाने भरून आला. अंगणातल्या माणसांनी मात्र चपला घालून घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी आर्वीच्या बसमध्ये दुर्गेश आणि त्याची बायको सोनम मागे बसले. पंचफुलाबाई मुद्दाम पुढे बसल्या, ताठ. ज्याला पाहायचे त्याने खुशाल पाहावे! गोष्ट गावभर झाली होती; बस खच्चून भरली, तरी त्यांच्या शेजारी कोणी टेकेना. पोरासोबत निघालेल्या आनंदाबाईही दांडा धरून उभ्याच होत्या.

"जागा आहे ना बाई, बसा ना," कंडक्टर म्हणाला.

सगळ्या बसने कान टवकारले. आनंदाबाईंनी मागे पोराकडे पाहिले, मग पंचफुलाबाईंकडे.

"सरक वं माय," त्या साऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "आपल्याले सोबतच जाचं आहे."