सव्वीस सेकंदांचा होकार

"आले. कुणी हलू नका," मौनीबुवा म्हणाले आणि खोलीतल्या चौदा माणसांनी श्वास रोखला.

बासरीची ध्वनिमुद्रिका चालू होती. एक सूर लांबत लांबत गेला आणि त्याच्या ऐन मध्यावर दोन्ही स्पीकरमधून आवाज आला : टिक. नखाने काच वाजवावी तसा.

"होकार," बुवा म्हणाले. मावशीने रुमाल डोळ्यांना लावला. खालच्या मजल्यावरचा शिंपी पुटपुटला, "साक्षात आहेत हो."

नाना जाऊन सव्वा महिना झाला होता. गेल्यानंतर दोनच दिवसांनी गाणी ऐकायच्या त्यांच्या आवडत्या संचातून ही टिकटिक सुरू झाली, आणि मावशीने मौनीबुवांना आणलं. हे नाव ज्याने ठेवलं त्याने बुवांना बोलताना ऐकलं नसावं. "देह म्हणजे डबा, आत्मा म्हणजे लहर. डबा फुटला तरी लहर फिरतच असते, आणि सुरावर स्वार होऊन घरी येते," असं ते एका दमात सांगत. प्रश्नाच्या शेवटी टिक आली तर होकार. नाही आली तर मौन, म्हणजे नकार. बुवा बसत ते नानांच्याच खुर्चीत.

आज रविवार. गुरुवारी आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. काचबिंदूने एक डोळा गेलाच होता. दुसऱ्यासाठी ही तारीख चुकवू नका, गेलेली नजर परत येत नसते, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

"हे लहरींच्या लहरी," बुवांनी आळवलं, "या माउलीने गुरुवारी घराबाहेर पाऊल टाकावं का?"

बासरी वाजत राहिली. बुवांनी मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं इतका वेळ गेला.

"मौन," ते म्हणाले. "नकार."

आईने मान हलवली. तिला पडत्या फळाची आज्ञाच हवी होती. दाराशी नानांची लेक उभी होती. चौदा माणसांत ती पंधरावी, आणि घर तिचंच.

त्या घरात आता कुणी मोकळं नव्हतं. संच बंद करायचा नाही, खिडकी उघडायची नाही, आईने खोली सोडायची नाही. आई तिथेच जेवायची, तिथेच बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. लेक तिच्यासाठी थांबलेली, आणि आई त्या आवाजासाठी. भांडी घासताना, कपडे घड्या करताना लेकीचा कान तिकडेच. मंगळवारी दुपारी आईचा डोळा लागल्यासारखा वाटला तेव्हा ती संचाजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "नाना?" थोड्या वेळाने टिक आली. तिच्या अंगावर काटा उभा राहिला. मग तिला स्वतःची भीती वाटली. स्वयंपाकघरात जाऊन तिने नानांना संच लावून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"वायर बदलून पाहिलीत?" त्याने विचारलं.

"पाहिली. तीच गत."

"गाणं बंद केलं तर?"

"तर येत नाही. बुवा म्हणतात, सुराशिवाय नानांना येता येत नाही."

"बुवांना म्हणावं, शांततेतून तुकडा गळला तर ऐकू कसा येणार? किती वेळाने येते टिक?"

"मोजलं नाही."

"महिनाभर ऐकताय आणि मोजलं नाही? मोजा. मी थांबतो."

तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सव्वीस सेकंद. पुन्हा सव्वीस. पुन्हा सव्वीस.

"ताई, माणूस इतका वक्तशीर नसतो. गेलेला असला तरी," दुरुस्तीवाला म्हणाला. "हे बघा, गाणं पाठवणाऱ्या डब्यात एक घड्याळ असतं, घेणाऱ्या डब्यात दुसरं. गाणं म्हणजे सेकंदाला हजारो तुकडे. घेणाऱ्याने पाठवणाऱ्याच्या घड्याळाने चालायचं असतं. तो स्वतःच्या घड्याळाने चालायला लागला की मोजणीत केसभर फरक पडतो, फरक साचतो, आणि साचला की थोडे तुकडे टाकून द्यावे लागतात. तिथे सूर तुटतो. तीच टिक. घेणाऱ्या डब्याच्या मागे एक बारीक खटका आहे, आतलं घड्याळ की बाहेरचं. मी तो बाहेरच्यावर लावला होता. कुणी हात लावला?"

लेकीला संच ठेवलेलं कपाट आठवलं. नाना त्या कपाटाला कुणाला हात लावू देत नसत. ते गेल्यावर भेटायला माणसं येणार म्हणून त्यामागची वर्षानुवर्षांची धूळ तिने फडक्याने खसखसून पुसली होती.

खटका तेव्हाच गुपचूप फिरवता आला असता. पण मग आईच्या लेखी नाना दुसऱ्यांदा गेले असते, आणि बुवांना रुसलेल्या आत्म्याचा नवा विषय मिळाला असता.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा खोली भरली.

"आज मी विचारू का?" लेक म्हणाली.

"विचार, बाळ. भाव शुद्ध ठेव," बुवा उदारपणे म्हणाले.

ती घड्याळाकडे पाहत थांबली. "नाना, तुम्हाला बासरी मुळीच आवडायची नाही ना?"

टिक.

मावशी दचकली. "अगं, काहीतरीच काय?"

लेकीने घड्याळावर नजर ठेवून पुन्हा तेवढा वेळ जाऊ दिला. "नाना, मौनीबुवा आपल्याला फसवतात का?"

टिक.

मागे कुणीतरी हसू दाबलं. बुवांचा आवाज चढला. "आत्म्याची थट्टा करतेस? याचं फळ भोगशील."

"आता प्रश्नच विचारत नाही. तरी उत्तर येईल. चार, तीन, दोन, एक."

टिक.

शिंप्याने पुढे होऊन स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. आयुष्यभर इंचांत बोलणारा माणूस तो. त्याने तीनदा मोजलं. "सव्वीस. सूतभर इकडे नाही की तिकडे." मग तो खुर्चीकडे वळला. "बुवा, प्रश्न विचारताना तुमची बोटं गुडघ्यावर चालतात, ती कशाला?"

"जप चालतो."

"तुम्ही पूर्वी वाद्यवृंदात ढोल वाजवायचात ना? मापं घ्यायला आलो होतो मी तुमच्या गणवेशाची. हो हवा असला की प्रश्न लांबवायचा, नको असला की टिक पडल्या पडल्या संपवायचा. सम बरोबर साधता अजून."

"नास्तिकांच्या घरात लहर थांबत नाही," बुवा उठत म्हणाले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

लेक आईसमोर खाली बसली. दोन घड्याळं, खटका, फडकं, सगळं सांगितलं. आपला हात लागला तेही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, इतकंच.

आईने संचाकडे तोंड वळवलं.

"म्हणजे ते नव्हतेच."

"नव्हते, आई."

"तूही हाक मारलीस. मंगळवारी दुपारी. मी जागी होते."

"मारली."

"आलं उत्तर?"

"आलं. सव्वीस सेकंदांच्या आत."

आईने हात पुढे केला. "खटका कुठे आहे, दाखव."

लेकीने तिचं बोट धरून कपाटाच्या मागे नेलं. आईने चाचपडत खटका दाबला. बासरी क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली. सव्वीस सेकंद गेले. बावन्न गेले. सूर अखंड होता, आणि खोलीत ज्याची त्याची नजर जमिनीकडे.

गेलेल्या माणसाची हाक ऐकू यावी असं कुणालाही वाटतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्या हाकेपायी जिवंत माणसाचा डोळा जाणार असेल, तर आधी घड्याळ लावून मोजावं. वायर बदलावी, खटका पाहावा, एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा ऐकावं, आणि ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारावं. दुःखाला एवढं कळलं नाही तरी चालेल. शेजारी बसलेल्यांना कळायला हवं. त्या खोलीत महिनाभर चौदा माणसं येत होती, आणि घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर होतं.

"उद्या उपाशीपोटी यायला सांगितलंय ना?" आईने विचारलं. "मग आत्ताच वाढ. आणि ती खिडकी उघड आधी."