सोडियम एकशे चोवीस

दादाचं डोकं तीन महिन्यांत गेलं. चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासलेला माणूस, पण एका दुपारी त्यानं डावी काच उजवीकडे बसवून चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात दिला. मग दुकानाचं कुलूप कसं उघडायचं ते विसरला. मग बायकोलाच विचारू लागला, "या घरातली बाई कुठे गेली?"

डॉक्टरांनी आठवणीच्या चाचण्या घेतल्या, वय अडुसष्ट पाहिलं आणि अल्झायमर लिहून दिलं. वहिनी व्यवहारी बाई. रडून घेतलं, डोळे पुसले आणि दुकान बंद केलं. काचा घासायचं यंत्र बाजारातल्या दुसऱ्या चष्मेवाल्याला देऊन टाकलं.

दादाची धाकटी बहीण हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिला घरात 'सुई' हे नाव पडलं होतं. दर रविवारी ती भावाकडे यायची. एका रविवारी दादा तिच्याकडे बोट करून म्हणाला, "ही बाई रक्त चोरते. हिला आत घेऊ नका."

पेशंट असं म्हणतात, त्याचं तिला काही वाटत नसे. भावानं म्हटल्यावर मात्र ती थोडा वेळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा दादाच्या हातातला कप खाली पडला. त्याचा चेहरा एका बाजूला ओढला गेला आणि त्याच बाजूचा हात उडाला. क्षणभरच. पण दहा मिनिटांत चार वेळा.

"हे कधीपासून, वहिनी?"

"चिडले की होतं, वन्सं. महिना-दोन महिने झाले असतील."

सुईनं तिथेच त्याचं रक्त काढलं. वहिनीनं हात धरला, दादानं शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी मशीननं आकडा दिला, सोडियम एकशे चोवीस. निरोगी माणसाचं एकशे पस्तीसच्या वर असतं. तिनं नमुना पुन्हा लावला. आकडा तोच.

कागद घेऊन ती वरच्या मजल्यावर मेंदूच्या डॉक्टरांकडे गेली.

"म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं," डॉक्टर म्हणाले.

"चेहरा आणि हात एकदमच उडतो. दिवसातून पन्नासेक वेळा तरी. आणि सर, अल्झायमर तीन महिन्यांत एवढी मजल मारतो का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हात उडतो हे मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले, आणि मग हळूच, "मीही विचारलं नाही."

रक्त आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी अँटिबॉडीच्या तपासणीसाठी बाहेर गेलं. अकराव्या दिवशी उत्तर आलं. डॉक्टरांनी वहिनीला समोर बसवून सांगितलं, "अँटिबॉडी रोगजंतूंना धरण्यासाठी असतात. यांच्या अंगात त्या मेंदूवरच उठल्यात. हात उडणं आणि सोडियम उतरणं ही त्याचीच खूण. कुंपणानंच शेत खायला घेतलंय. पण हा अल्झायमर नाही. याच्यावर औषध आहे."

पाच दिवस स्टिरॉइडची सलाईन, मग गोळ्या. आधी हात उडायचा थांबला. तिसऱ्या आठवड्यात दादानं वहिनीला नावानं हाक मारली. पाचव्या आठवड्यात विचारलं, "माझं यंत्र कुठंय?"

वहिनीनं कुणाला दिलं ते सांगितलं.

"त्याला कडा नीट घासता येत नाहीत," दादा म्हणाला.

ते तीन महिने मात्र त्याला कधीच आठवले नाहीत. एकदा त्यानं विचारलं, "सुई, तेव्हा मी तुला काही वेडंवाकडं बोललो का गं?"

"रक्त चोरते म्हणालास."

"मग त्यात खोटं काय?"

दोघं भावंडं हसली. वहिनी हसली नाही. घरातली बाई कुठे गेली असं दादानं तिलाच विचारलं होतं, तो विषय तिनं कधी काढला नाही, आणि सुईनंही नाही.

गोष्ट कानोकानी पसरली. एक निवृत्त पोस्टमास्तर बायकोला घेऊन लॅबच्या खिडकीशी आले. बाईंचं विसरणं चार वर्षांपासून हळूहळू वाढत होतं. हात उडत नव्हता, सोडियम नीट होतं. सुईनं आधीच सांगितलं, "काका, यात काही निघेलसं वाटत नाही."

"तरी बघा. तुमच्या भावाचं निघालं ना?"

डॉक्टरांनी लिहून दिलं. अँटिबॉडीची तपासणी झाली. काही निघालं नाही.

"म्हणजे दोष नाही?" पोस्टमास्तरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आशा होती.

सुई खिडकीमागून बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसली. "भावाचा आजार वेगळा होता, काका. काकूंचा अल्झायमरच आहे, डॉक्टरांनीही तेच लिहिलंय. त्यातही शरीराची संरक्षणाची फौज काहीतरी करत असते म्हणतात. कधी मदत, कधी नुकसान. शोध चालू आहे. पण भावाला लागू पडलं ते औषध काकूंना उपयोगी नाही."

पोस्टमास्तरांनी रिपोर्टच्या कागदाची नीट घडी केली, जशी आयुष्यभर केली असेल. बाईंनी सुईचा पदर ओढला.

"दुखणार नाही ना?"

"रक्त कधीच काढून झालं, काकू."

"मग बरं," म्हणत त्या उठल्या. पोस्टमास्तरांनी खाली वाकून त्यांच्या चपला सरळ करून दिल्या.