ट्रूडीआजींची राहिलेली फायनल

मित्रांनो, माझ्या अंगावरचं रबर तडकलं आहे आणि मुठीचं लाकूड घामाने काळं पडलं आहे. मी टेबल टेनिसची एक जुनी बॅट आहे. १९३२ साली जर्मनीतल्या लाइपझिग शहरात एका सुताराने मला घडवलं. आजच्या बॅटींसारखा स्पंज माझ्यात नाही. लाकूड आणि त्यावर बारीक दाण्यांचं रबर, एवढीच मी.

माझी मालकीण ट्रूडी तेव्हा सोळा वर्षांची होती. हा खेळ तिथे नवाच होता. मुली जेवणाची टेबलं जोडून खेळत. वर्षभरात आम्ही दोघींनी शहरातल्या नामवंत खेळाडूंना हरवलं आणि प्रांताच्या अंतिम सामन्यात पोचलो. पण १९३३च्या वसंतात, सामन्याच्या आदल्या दिवशी, क्लबच्या यादीत ट्रूडीच्या नावावर काट मारलेली दिसली. ती ज्यू होती, एवढंच कारण. करंडक न खेळताच दुसरीला मिळाला.

पुढे ट्रूडी मला कोटात लपवून बोटीने अमेरिकेला आली. तिने कारखान्यात शर्ट शिवले, संसार केला, मुलं वाढवली. मी मात्र तिथल्या पिस्कॅटवे गावातल्या तिच्या घरात कपाटात पडून राहिले. तिने माझ्याबद्दल कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

२००१ साली शेजारी नागपूरचं कुटुंब राहायला आलं. त्या घरातली सुलेखा एकदा ट्रूडीला कपाट आवरायला मदत करायला आली, तेव्हा तिच्या नऊ वर्षांच्या नीनाला मी सापडले.

"ट्रूडीआजी, व्हॉट इज धिस?"

"माझी बॅट. एक फायनल खेळायची राहून गेली बघ."

नीनाचे बाबा पुरुषोत्तम कॉलेजात चॅम्पियन होते. त्यांच्या गॅरेजमध्ये टेबल होतं. "काकू, मी हळू खेळतो हं," ते म्हणाले, आणि एकवीस-सहाने हरले.

"अजून हळू खेळ!" सुलेखा हसून म्हणाली.

त्या दिवसापासून आम्ही रोज खेळू लागलो. २००३ साली ज्येष्ठांसाठी जुन्या, बिनस्पंजाच्या बॅटींनी खेळायची स्पर्धा जाहीर झाली. नावनोंदणी करणारा गृहस्थ म्हणाला, "मॅडम, प्रेक्षकांच्या खुर्च्या तिकडे आहेत."

"मी सत्तर वर्षं प्रेक्षक होते," ट्रूडीआजी म्हणाल्या. "माझं नाव लिहा."

सत्त्याऐंशी वर्षांच्या आजी फायनलला पोचल्या! समोर ओहायोतल्या डब्लिनची खेळाडू होती, तेरा वर्षांनी लहान. एकोणीस-एकोणीसवर आजींना धाप लागली.

"काकू, पुरे आता," सुलेखा कळवळून म्हणाली.

आजींनी नकारार्थी मान हलवली आणि मला घट्ट धरलं. पुढचा गुण आमचा झाला. मग समोरचीने तीन जोरदार फटके मारले. तिन्ही आम्ही परतवले. चौथ्याला आजींनी मला अलगद पुढे केलं. चेंडू जाळीपलीकडे टपकला आणि तिथेच निजला. एकवीस-एकोणीस!

"आजी, यू वन!" नीना टेबलाकडे धावत सुटली. आजी मात्र निकालाच्या फलकापाशी गेल्या. विजेत्यांच्या यादीत त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं, 'गर्ट्रूड आडलर'. त्यांनी त्या अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवलं.

आज २००८ साल आहे. आजी ब्याण्णव वर्षांच्या आहेत. नीना शाळेच्या संघातून खेळते, पण रविवारी सराव मलाच हातात घेऊन करते. आजी खुर्चीतून ओरडतात, "मनगट, नीना, मनगट!"

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून नीट ठेवा, पण कोंडून ठेवू नका. आणि तुमच्या घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, "तुम्ही काय खेळायचात?" उत्तर मिळालं, की लगेच टेबल मांडा.