सातशेची रेघ

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता अहेरीच्या महिला गटाच्या भट्टीतून मोहाच्या बिस्किटांचा पहिला ट्रे निघाला. बिस्किटे पसरून एकमेकांना चिकटली होती, कडा काळ्या पडल्या होत्या. उरलेल्या दोन ट्रेचेही तेच झाले. नमुने चाखायला चंद्रपूरहून आलेले पाहुणे नुसता चहा घेऊन परत गेले.

दुपारच्या बैठकीत अध्यक्ष भागीरथाबाईंनी एकच विचारले: पिठात पाक कोणी ओतला?

सोमारीबाईंनी हात वर केला. भट्टी सुरू झाल्यापासून मोहफुलांचा पाक आटवणे आणि तो मोजून घालणे हे त्यांचेच काम होते.

किती घालायचा, हे मात्र पायलने सांगितले होते. पायल गटाची सचिव. बेकरीचे प्रशिक्षण घेतलेली ती एकटीच. कृतीत पाक सातशे ग्रॅम लिहिलेला होता. काटा दुरुस्तीला गेलेला, म्हणून तिने मापाच्या भांड्यावर सातशे मिलिलिटरच्या रेघेवर बोट ठेवले. सोमारीबाई थांबल्या होत्या.

"म्याडम, मोहाची पायली अन् तांदळाची पायली काट्यावर सारखी येते का? पाक तं पान्याहून जड रायते."

"हे बेकिंग आहे, बाई. आठवडी बाजार नाई."

बायका हसल्या. सोमारीबाईंनी रेघेपर्यंत पाक ओतला.

बैठकीत त्या हसण्याची कोणी आठवण काढली नाही. शिकलेल्या मुलीने दाखवलेली रेघ चुकली असेल, असे कोणाच्या मनातही आले नाही. "तुझा हात हालला अशीन, बाई," भागीरथाबाई म्हणाल्या. सोमारीबाईंनी पायलकडे पाहिले. पायल मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होती. तिने लिहिले: माप चुकले. मोजणाऱ्याचे नाव, सोमारी. पुढे ठराव: मोजण्याचे काम दीपिकाकडे, सोमारीबाईंकडे ट्रे धुणे.

शुक्रवारी काटा परत आला. सगळ्या जेवायला गेल्यावर पायलने भांडे सातशेच्या रेघेपर्यंत भरून काट्यावर ठेवले. भांड्याचे वजन वजा जाता पाक नऊशे ऐंशी ग्रॅम भरला. मग तिने तो सातशे ग्रॅम उरेपर्यंत काढला. पाक पाचशेच्या रेघेवर आला. तिथे तिने नेलपॉलिशने लाल खूण केली आणि दीपिकाला सांगितले, यापुढे इथपर्यंतच.

शनिवारची बिस्किटे गोल, खुसखुशीत निघाली. दीपिकाचा हात चांगला आहे, असे सगळ्यांनी म्हटले. पायलने मान डोलावली.

भांडे धुवायला आले तेव्हा सोमारीबाईंनी लाल खुणेवरून अंगठा फिरवला.

"रेघ खाली आली का, म्याडम?"

"हो," पायल म्हणाली. तिचे कान तापले. सोमारीबाईंनी भांडे विसळून पालथे घातले.

पुढची बैठक मंगळवारी अकरा वाजता आहे. मागचे इतिवृत्त सर्वांसमोर पायलनेच वाचायचे असते. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत त्यात कोणतीही दुरुस्ती झालेली नव्हती.