साडेतेरा हजार किलोमीटर

वित्स्कोनं दोऱ्याचं एक टोक पृथ्वीगोलावर आपल्याकडच्या स्प्लिट शहराच्या जागी अंगठ्यानं दाबून धरलं, आणि दुसरं महासागरावरून ओढत ओढत दक्षिण अमेरिकेच्या पार शेपटाशी, पुंता अरेनासला नेलं. मग तेवढाच दोरा विषुववृत्तावर ताणून पाहिला. तीस वर्षं जहाजांवर नकाशे वाचलेला माणूस तो, पण आज त्यानं तो दुसऱ्यांदा ताणून पाहिला.

टेबलावरच्या फोनमधून नातीचा आवाज आला.

"मोजलंत का, आजोबा?"

"मोजतोय गं. मधे पाणी केवढं आहे, बघ तरी."

सहा दिवसांपूर्वी वित्स्कोचा एकुलता एक मुलगा याक्शा तिकडच्या समुद्रात, खेकडे पकडणाऱ्या बोटीवरून पडून बुडाला. दुसऱ्या दिवशी सापडला. त्याला इकडे, आपल्या ब्राच बेटावर आणायचं, घराण्याच्या थडग्यात आजा-पणज्यांशेजारी ठेवायचं, हा हट्ट वित्स्कोचाच. सून हिमेना फोनवर खूप रडली, पण नाही म्हणाली नाही. "तुमचा मुलगा आहे, बाबा," एवढंच बोलली. शवपेटी विमानात चढवणारी माणसं आता फक्त त्याच्या शेवटच्या होकारासाठी खोळंबली होती. त्याची बायको पेरिना सकाळीच जाऊन थडग्यावरचा दगड घासून आली होती.

याक्शाच्या नऊ वर्षांच्या मुलीला, एलिसाला, यातलं काही नको होतं; फक्त आकडा हवा होता.

"सांगा ना. आमच्या विमानतळापासून तुमच्या विमानतळापर्यंत किती?"

"तुला कशाला गं एवढी चौकशी?"

"बाबांना भेटायला दर रविवारी यायचंय. आई म्हणते, लांब आहे. आई काय, बाजारालाही लांबच म्हणते."

वित्स्को हसायला गेला, ते जमलं नाही. विषुववृत्ताचा तिसरा हिस्सा. साडेतेरा हजार किलोमीटर, तेही विमान कुठं न थांबता सरळ आलं तर. आकडा जिभेवर आला आणि तिथंच अडकला.

"आजोबा? आहात ना?"

"आहे. तुमच्या गावची दफनभूमी कुठंशी आहे गं?"

"शाळेच्या वाटेवर. उंच उंच सरू आहेत तिथं."

"घरापासून किती?"

"चालत नऊ मिनिटं. पळाले तर पाच."

वित्स्कोनं दोरा खाली ठेवला.

"आईला दे बघू फोन."

पेरिना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. नवऱ्याच्या पाठीकडे बघूनच तिला कळलं.

"नको, वित्स्को," ती हलकेच म्हणाली. "मला एकदा तरी त्याच्या कपाळाला..."

त्यानं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर पुढचं बोलता आलं नसतं.

"हिमेना, पोरी, त्याला तिथंच ठेव. तुमच्याजवळ."

पलीकडे डोक्यावरचं ओझं उतरवून मटकन खाली बसावं तशी ती रडू लागली.

फोन बंद झाला. पेरिनानं चूल विझवली, दोन ताटल्या मांडल्या, आणि वाढायचं विसरून समोरच्या खुर्चीवर बसून राहिली. वित्स्को तिच्या शिव्यांची वाट पाहत होता. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पळत पाच मिनिटं म्हणाली ना?" शेवटी तिनं विचारलं.

"हो."

"पडेल कार्टी," पेरिना म्हणाली, आणि एप्रनचं टोक तोंडात कोंबलं. "चालत जा म्हणून सांगायचं होतंस रे तिला."